रानमूग की रानउडीद? शेंग पिकेपर्यंत थांबायला हवे

पावसाळा ओसरू लागला की सह्याद्रीच्या उतारांवर, शेतांच्या बांधांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेच्या गवतात पिवळ्या फुलांची एक केसाळ वेल काड्यांना वेटाळत वर चढताना दिसते. तिची छायाचित्रे मोबाइलवरून फिरू लागतात आणि प्रत्येक छायाचित्राखाली ही वेल कोणती, असा प्रश्न विचारलेला असतो. उत्तरे मात्र तीन-चार येतात. कोणी रानमूग म्हणतो, कोणी रानउडीद, कोणी रानमटकी, आणि आयुर्वेदाची ओळख असलेला एखादा जाणकार मुद्गपर्णी असे नाव सुचवतो. गंमत अशी की छायाचित्र फक्त फुलाचे असेल, तर यांपैकी कोणाचेही उत्तर ठामपणे चूक ठरवता येत नाही. या वेली एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की मुरलेला वनस्पतीशास्त्रज्ञसुद्धा निव्वळ फुलावरून निकाल देत नाही. तो कशाची वाट पाहतो, काय उलटून पाहतो आणि एवढा खटाटोप कशासाठी करतो, हे समजून घेतले तर आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन साध्या कडधान्यांकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

एकाच नावाखाली राहणाऱ्या वेली

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात पत्त्यावर फक्त ‘पाटील’ एवढेच लिहून पत्र टाकले, तर ते गावात पोहोचेल; पण घर सापडणार नाही. ‘रानमूग’ हे नाव तसेच आहे. त्यावरून गाव कळते, घर कळत नाही.

हे गाव म्हणजे ‘व्हिग्ना’ ही प्रजाती. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचे कुटुंब. आपल्या ताटातले मूग, उडीद, मटकी आणि चवळी हे सगळे याच कुटुंबातले आहेत. इटलीतल्या पिसा येथील डोमेनिको व्हिग्ना या जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञावरून या प्रजातीला नाव मिळाले. तिच्या आशियाई शाखेतल्या अनेक रानटी जाती सह्याद्रीत वाढतात आणि त्यांतल्या बहुतेकींची फुले पिवळीच असतात.

या लेखापुरते मी ‘रानमूग’ हे नाव फक्त मुगाच्या प्रत्यक्ष पूर्वजासाठी आणि ‘रानउडीद’ हे नाव फक्त उडदाच्या प्रत्यक्ष पूर्वजासाठी वापरणार आहे. शास्त्रीय भाषेत मूग म्हणजे व्हिग्ना रेडिएटा आणि त्याचा रानटी प्रकार सबलोबाटा. उडीद म्हणजे व्हिग्ना मुंगो आणि त्याचा रानटी प्रकार सिल्व्हेस्ट्रिस. असे ठरवून घेणे भाग आहे, कारण मराठीत ही नावे आधीच इतर वनस्पतींनाही दिली गेली आहेत. जमिनीलगत पसरणाऱ्या आणि तीन खंडांची पर्णिका (पानातले एक दल) असलेल्या व्हिग्ना ट्रायलोबाटा या वेलीलाही रानमूग म्हणतात, आणि आयुर्वेदातली मुद्गपर्णी म्हणून तीच ओळखली जाते. ‘रानउडीद’ म्हणून जी माषपर्णी सांगितली जाते, ती तर व्हिग्ना कुटुंबातलीही नाही. ती टेराम्नस या वेगळ्याच प्रजातीतली वेल आहे. चरकसंहितेतल्या जीवनीय गणाच्या दहा औषधांत मुद्गपर्णी आणि माषपर्णी यांची नावे शेजारी शेजारी येतात, त्यामुळे या दोघींचा गोंधळ हा केवळ हौशी निसर्गप्रेमींचा प्रश्न राहत नाही. सुदैवाने माषपर्णी ओळखणे त्यातल्या त्यात सोपे आहे. तिची फुले अगदी बारीक आणि पांढुरकी ते फिकट जांभळी असतात, शेंग अरुंद व सरळ असते आणि शेंगेच्या टोकाला वाकडी चोच असते. मुगा-उडदाच्या नात्यातल्या वेलीला असे फूल येत नाही.

आधी घरातला डबा उघडावा

रानात जाण्यापूर्वी अख्खे मूग आणि अख्खे काळे उडीद यांचे पाच-सहा दाणे हातावर घ्यावेत. दोघांच्या रंगातला फरक एका नजरेत दिसतो, पण रंग बाजूला ठेवावा. उडदाच्या हिरवट बियांचेही वाण आहेत, मुगाच्या काळ्या बियांचेही आहेत, आणि रानात तर दोघांच्याही बिया काळपट, करड्या ठिपक्यांच्या असतात.

त्याऐवजी दाण्याच्या बाजूला असलेली पांढरी रेघ पाहावी. शेंगेत असताना दाणा जिथे देठाने चिकटलेला असतो, तिथली ही खूण आहे. तिला नाभी म्हणतात आणि हा शब्द अगदी सार्थ आहे, कारण बाळाच्या बेंबीप्रमाणेच आईशी असलेला सांधा तुटल्याची ती खूण असते. मुगाची नाभी दाण्याच्या पृष्ठभागाशी सपाट असते. बोट फिरवले तरी काही जाणवत नाही. उडदाच्या नाभीला मात्र चारी बाजूंनी उंचावलेला काठ असतो आणि मधला भाग किंचित खोलगट असतो. परातीचा काठ आणि पोळपाटाची कड यांच्यात जो फरक आहे, तोच इथे सूक्ष्म आकारात दिसतो. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असेल तर शंका उरतच नाही.

घरात आणखीही एक फरक रोज अनुभवाला येतो. भिजवलेली उडदाची डाळ वाटली की ती चिकट, तारेची आणि हलकी होते. म्हणून पापड लाटता येतात आणि इडलीचे पीठ फुगते. मुगाच्या वाटणाला तो चिकटपणा नसतो. म्हणजे बाहेरून एकसारखे दिसणारे हे दोन दाणे आतल्या रसायनात भिन्न आहेत. रसायनाचा हा फरक बियांतल्या प्रथिनांच्या लहान तुकड्यांपर्यंत जातो. मुगात आणि उडदात हे तुकडे वेगवेगळे असतात आणि रानटी बियांचा गोंधळ सोडवण्यासाठी संशोधकांनी त्यांचा उपयोगही करून घेतला आहे.

फूल का फसवते

या सगळ्या वेलींची फुले फुलपाखरासारखी असतात. मागे एक मोठी पाकळी ध्वजासारखी उभी राहते, बाजूला दोन पंख असतात आणि खाली दोन पाकळ्या जुळून होडीच्या तळासारखा भाग तयार होतो. या खालच्या भागाला नौतल म्हणतात. आशियाई मूग-उडीद शाखेत नौतल एका बाजूला वळलेले असते आणि त्यावर शिंगासारखा लहानसा फुगवटा असतो. या शाखेचे शास्त्रीय नावच मुळी ‘शिंगाचे नौतल’ अशा अर्थाचे आहे. हा फुगवटा दिसला की आपण योग्य गावात आलो, एवढे निश्चित होते. मात्र तो रानमुगात असतो, रानउडदात असतो, मटकीत असतो आणि मुद्गपर्णीतही असतो, त्यामुळे घर शोधायला त्याचा उपयोग होत नाही.

फुलाच्या छटेत थोडा फरक सांगितला जातो. मुगाचे पिवळे काहीसे हिरवट आणि मंद, तर उडदाचे पिवळे झळझळीत असते. माझ्या मते या खुणेवर विसंबू नये. सकाळी उमललेले फूल दुपारपर्यंत फिकट पडते आणि मोबाइलचा कॅमेरा पिवळा रंग आपल्याच मर्जीने बदलतो. त्यापेक्षा फुलाच्या बुडाशी असलेली दोन सूक्ष्म पाने, म्हणजे छदके, अधिक भरवशाची आहेत. उडदाच्या बाजूला ती अरुंद, रेषेसारखी आणि लांब असतात. मुगाच्या बाजूला ती रुंद, अंडाकृतीकडे झुकणारी असतात. पानाच्या देठाच्या बुडाशी असलेल्या जोडपानांतही, ज्यांना उपपर्णे म्हणतात, असाच कल दिसतो. मुगाची उपपर्णे रुंद असतात आणि उडदाची त्या मानाने निमुळती.

उपपर्णांचा एक ठळक दाखला खंडाळ्याच्या परिसरात मिळतो. व्हिग्ना खंडालेन्सिस ही जात तिथल्या नावाने ओळखली जाते. तिची उपपर्णे इतकी मोठी असतात की ती पानेच वाटावीत, आणि ती वेटाळत न जाता बरीच उंच, सरळ वाढते. इंग्रज अमदानीतले वनस्पतीशास्त्रज्ञ डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली तिचे वर्णन वेगळ्या नावाने केले होते. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला आणि तिला ‘खंडालेन्सिस’ हे नाव दिले; व्हिग्ना प्रजातीत ती नंतर आणली गेली. एवढी स्पष्ट खूण असलेली जात अपवादानेच भेटते. बाकीच्यांसाठी थांबावे लागते.

शेंग आली की अर्धे काम होते

आश्विनात शेंगा भरू लागल्या की तीन गोष्टी पाहाव्यात: शेंग कोणत्या दिशेला आहे, तिच्यावरचे केस किती लांब आहेत आणि ती स्वतः किती लांब आहे.

रानउडदाच्या शेंगा आखूड आणि जाडसर असतात, त्या देठावर वरच्या दिशेने उभ्या राहतात आणि त्यांच्यावर लांब, दाट केस असतात. रानमुगाच्या शेंगा अधिक लांब व बारीक असतात, त्या आडव्या पसरतात किंवा खाली झुकतात आणि त्यांच्यावरचे केस आखूड असतात. मुगाच्या रेडिएटा या नावाचा अर्थच चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेला असा होतो. मुगाचे शेत पाहिलेल्या कोणालाही हे चित्र लगेच आठवेल.

शेंगांवर केस जवळजवळ नसतील आणि वेल नाजूक असेल, तर ती या दोघींपैकी नसून व्हिग्ना डॅल्झेलियाना असण्याची शक्यता पाहावी. पर्णिका तीन खंडांत विभागलेली असेल आणि वेल जमिनीवर पसरलेली असेल, तर मुद्गपर्णीकडे वळावे. मटकीच्या पानात हे खंड आणखी खोल आणि अरुंद होतात, म्हणूनच मटकी व मुद्गपर्णी यांना नात्याने एका गटात ठेवले जाते. मोठे, जांभळट फूल आणि जमिनीत कंद असलेला हलुंदा हाही व्हिग्नाच आहे, पण तो वेगळ्या शाखेतला असल्यामुळे त्याच्याबाबत सहसा घोळ होत नाही.

शेंग पिकल्यावर वेळ फार कमी असतो. रानटी शेंग उन्हात तडकते, तिच्या दोन्ही कडा पिळ्यासारख्या वळतात आणि बिया दूर उडतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या न तडकणाऱ्या शेंगांचे बियाणे राखले, म्हणून शेतातल्या मुगाच्या शेंगा तोडणीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात. रानात मात्र सकाळी भरलेली दिसलेली शेंग दुपारी रिकामी झालेली असते. म्हणून पिकत आलेली शेंग कागदी पाकिटात घालून घरी वाळू देणे हाच चांगला मार्ग आहे.

पेरून पाहिले तर

रानटी बिया पाण्यात भिजत घातल्या तर कित्येक दिवस तशाच टणक राहतात. मटकी किंवा मूग भिजवल्यावर शेवटी जे दोन-चार कडक दाणे उरतात आणि दाताखाली आले की वेदना होते, त्यांना आपण गणंग म्हणतो. रानमुगाच्या जवळजवळ सगळ्याच बिया गणंग असतात. बियांचे कवच पाणी आत जाऊ देत नाही, त्यामुळे एका पावसाने सगळ्या बिया उगवत नाहीत आणि पुढच्या वर्षांसाठी काही शिल्लक राहतात. पेरणीच्या पिकातले गणंग हे त्याच जुन्या स्वभावाचे अवशेष आहेत. उगवण पाहायची असेल तर नाभीच्या विरुद्ध बाजूला कवचावर पात्याने बारीक छेद द्यावा लागतो.

त्यानंतर जे दिसते ते मला या सगळ्या तपासणीतले सर्वांत सुंदर वाटते. दाण्याच्या दोन डाळी म्हणजे बीजपत्रे. शाळेतल्या मुलांनी कपात मूग लावला की त्या डाळी मातीबाहेर उचलल्या जातात. वाटाणा किंवा हरभरा लावला तर त्या मातीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. व्हिग्नाच्या आशियाई शाखेत हा फरक तीन गटांत विभागणी करतो. मूग व उडीद यांच्या गटात डाळी वर येतात आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन पानांना देठ जवळजवळ नसतो. मटकी व मुद्गपर्णी यांच्या गटातही डाळी वर येतात, पण पहिल्या पानांना स्पष्ट देठ असतो. डॅल्झेलियाना ज्या गटात मोडते, त्या गटात डाळी मातीखालीच राहतात. म्हणजे फुलाने जे सांगितले नाही, ते आठवड्याचे रोप सांगते. गट ठरला तरी रानमूग व रानउडीद एकाच गटात असल्यामुळे शेवटचा निर्णय पुन्हा नाभी व शेंग यांच्याकडेच जातो.

“दोघांचा संकर होतो म्हणतात, मग जाती वेगळ्या कशा?”

ही शंका अगदी योग्य आहे. मूग आणि रानमूग यांचा संकर सहज होतो आणि संततीही फलधारी असते, म्हणून ते एकाच जातीचे दोन प्रकार मानले जातात. उडीद आणि रानउडीद यांचेही तसेच आहे. मूग आणि उडीद यांचा संकर मात्र मुगाला मादी ठेवली तर काही प्रमाणात जमतो, उलट केले तर बहुधा जमत नाही, आणि जी झाडे मिळतात ती बहुतांशी वांझ असतात. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण त्यावरून घोडा आणि गाढव एक आहेत असे आपण म्हणत नाही.

गुणसूत्रे मोजून हा प्रश्न सुटत नाही. मूग, उडीद, त्यांचे दोन्ही रानटी पूर्वज आणि त्यांच्या नात्यातल्या बहुतेक जातींत गुणसूत्रांची संख्या २२ इतकीच असते.

“शास्त्रज्ञच सारखी नावे बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा?”

गावात जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. जमीन तीच राहिली, बांध तेच राहिले, नोंद बदलली. मूग आणि उडीद यांचे असेच झाले आहे, फक्त इथे मधल्या काळात दोन शेतांचे उतारेही एकमेकांत मिसळले होते.

स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली मुगाला आणि १७६७ साली उडदाला नाव दिले. त्या काळी दोन्ही फॅसिओलस या प्रजातीत, म्हणजे राजमा आणि घेवडा यांच्या पंगतीत बसवले होते. नाव देताना एक विचित्र गोष्ट घडली. ‘मुंगो’ हा शब्द उघडच आपल्या मुगावरून आलेला आहे, पण तो उडदाला चिकटला. वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा आहे की रीतसर दिलेले पहिले नाव, अर्थाने विसंगत असले तरी, कायम ठेवायचे. त्यामुळे आजही शास्त्रात मुंगो म्हणजे उडीद. इंग्रज अमदानीतल्या भारतीय ग्रंथांत मात्र ही नावे उलटी वापरलेली आढळतात. कित्येक ठिकाणी मूग हाच मुंगो आहे आणि उडीद हा त्याचा उपप्रकार. जुन्या वाळवलेल्या नमुन्यावरचे नाव वाचताना ते कोणत्या काळात कोणी लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही, तो या कारणाने.

विसाव्या शतकात दोन्ही जाती व्हिग्नात आणल्या गेल्या. मुगाचे स्थलांतर १९५४ साली आणि उडदाचे १९५६ साली झाले. हा बदल लहरीखातर झाला नाही. घेवडा, राजमा हे अमेरिकेतून आलेले आहेत, त्यांच्या फुलातले नौतल पूर्ण वेटोळे घालते आणि त्यांच्या पानांवर आकड्यासारखे सूक्ष्म केस असतात, त्यामुळे घेवड्याचे पान कापडाला चिकटून बसते. मुगाचे किंवा उडदाचे पान असे चिकटत नाही. परसात दोन्ही लावलेले असतील तर हे कोणालाही करून पाहता येईल.

रानटी वेलींची गोष्ट याहून अलीकडची आहे. सबलोबाटा हे नाव भारतीय वनस्पतींचा जुना अभ्यासक रॉक्सबर्ग याच्या काळापासून चालत आलेले होते आणि त्याच्या पोटात मुगाचा व उडदाचा असे दोन्ही पूर्वज दीर्घकाळ एकत्र मोजले जात होते. १९८० साली रानउडदाला सिल्व्हेस्ट्रिस हे स्वतंत्र नाव मिळाले आणि १९८४ साली चांडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन पिकांचे दोन वेगळे पूर्वज आहेत हे तपशिलाने दाखवले. त्यांच्या भौगोलिक विस्तारातही मोठा फरक आहे. रानमूग आफ्रिका आणि मादागास्करपासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो, तर रानउडदाचे मुख्य घर भारत आहे आणि सह्याद्रीचा उत्तर भाग त्यातला महत्त्वाचा प्रदेश आहे. उडदाचा मूळ पूर्वज आपल्या डोंगरांत अजूनही उगवतो, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी ती नाही, असे मला मनापासून वाटते.

“डीएनए तपासला की झाले, नाही का?”

सोनाराची कसोटी उपयोगी पडते, कारण त्याच्याजवळ माहीत असलेल्या सोन्याचा कस तुलनेला असतो. डीएनएचेही तसेच आहे. अज्ञात वेलीचा डीएनए ज्या नमुन्याशी ताडून पाहायचा, त्या नमुन्याचे नाव कोणीतरी आधी शेंग, नाभी आणि उपपर्ण पाहूनच ठरवलेले असते. ते चुकलेले असेल तर यंत्र तीच चूक अचूकपणे पुन्हा सांगते. शिवाय वनस्पती ओळखण्यासाठी डीएनएचे जे ठरावीक छोटे तुकडे वापरले जातात, ते इतक्या जवळच्या जातींत फारसे बदललेले नसतात. त्यासाठी जनुकसंचाचा मोठा भाग वाचावा लागतो. मुगाचा जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाल्यापासून हे काम पुष्कळ सुकर झाले आहे. तरीही पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा मुंबईतल्या ब्लॅटर वनस्पती संग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्याचे महत्त्व कमी झालेले नाही. सातबारा जसा वादाच्या वेळी काढावा लागतो, तसा हा नमुना काढून पाहावाच लागतो.

जिथे डीएनए मिळणे कठीण आणि कवचही उरलेले नसते, तिथे पुरातत्त्वज्ञांची परीक्षा असते. प्राचीन वसाहतींच्या उत्खननांत मिळणारे दाणे जळून कोळसा झालेले असतात; नाभी झडलेली असते, म्हणून अहवालात ‘मूग किंवा उडीद’ अशी जोडनोंद करावी लागते. दाण्याच्या दोन डाळींमध्ये दडलेली इवली कोंबपाने जर ठसा सोडून गेली असतील तर मार्ग निघतो, कारण ती मुगात लांब आणि उडदात आखूड असतात.

नाव चुकले तर बिघडते काय

साठवलेल्या मुगाला टोके लागतात तेव्हा काय होते हे प्रत्येक घराला माहीत आहे. मादी दाण्यावर अंडे घालते, अळी आत शिरून डाळ खाते आणि गोल छिद्र पाडून भुंगेरा बाहेर येतो. मादागास्करमधून मिळालेल्या रानमुगाचा एक वाण असा निघाला की त्याच्या दाण्यात ही अळी वाढूच शकत नाही. टीसी १९६६ या क्रमांकाने तो ओळखला जातो आणि जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा हा गुण दाखवून दिला. तो रानमूग होता, म्हणजे मुगाचाच रानटी प्रकार होता, म्हणून त्याचा मुगाशी संकर करणे शक्य झाले. त्याच पाकिटात चुकून रानउडीद असता तर संकर केलेली झाडे वांझ निघाली असती आणि संशोधकाची काही वर्षे वाया गेली असती.

उडदासाठी असाच शोध आपल्याकडे झाला. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रानउडदाच्या एका वाणाचा टोक्यांना असलेला प्रतिकार अभ्यासला गेला आणि ट्रॉम्बे वाइल्ड उर्द या नावाने तो ओळखला जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा टीएयू-१ हा उडदाचा वाण याच केंद्राच्या कामातून आलेला आहे, हे इथे सांगितले पाहिजे. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि मुगा-उडदाची पाने पिवळी करून टाकणाऱ्या मोझॅक रोगाला तोंड देण्यासाठीही संशोधक रानटी नातेवाइकांकडे वळतात. अर्थात दाण्यातल्या ज्या द्रव्याने अळी मरते ते माणसाला निर्धोक आहे का, याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. रानटी आहे म्हणून चांगलेच, असे समजण्याचे कारण नाही.

ही सगळी पाकिटे बियाणे-पेढीत राहतात. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे एक केंद्र अकोल्यात आहे. अशा पेढीत बी वर्षानुवर्षे थंडीत टिकते, पण पाकिटावरचे नाव चुकले तर ते बी असूनही नसल्यासारखे होते. मसाल्याच्या डब्यात धन्याच्या वाटीत जिरे भरले तर फोडणीला टाकताच वासावरून कळते. इथे चूक कळायला पेरणी, फुलोरा, संकर आणि पुढची पिढी एवढा काळ जातो.

“ओळखली, तर खाता येईल का?”

छायाचित्रावरून ओळखलेली कोणतीही रानशेंग तोंडात घालू नये. ज्या कुळात मूग आणि मटकी आहेत, त्याच कुळात गुंजही आहे आणि तिची बी जीवघेणी विषारी असते. औषधासाठी मुद्गपर्णी किंवा माषपर्णी हवी असेल तर ती जाणकार वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी. राखीव जंगलातून बी किंवा वेल परवानगीशिवाय आणू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. टिपण आणि छायाचित्रे पुरेशी असतात, मात्र त्यांत शेंग, तिच्यावरचे केस, उपपर्ण आणि नाभी दिसली पाहिजे.

यादी अजून पूर्ण नाही

गेल्या काही वर्षांत सह्याद्री आणि कोकणातून व्हिग्नाच्या अनेक नव्या जातींची नोंद झाली आहे. सह्याद्रियाना आणि कोंकणेन्सिस ही नावेच आपले पत्ते सांगतात. २०१४ साली नोंदलेली व्हिग्ना यादवी ही जात कोल्हापूरचे वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव यांच्या सन्मानार्थ ओळखली जाते. ती डॅल्झेलियानाच्या इतक्या जवळची आहे की वरून पाहणाऱ्याला वेगळेपण जाणवू नये, परंतु तिच्या काही फांद्या मातीत शिरतात, तिथे न उमलणारी फुले धरतात आणि भुईमुगाप्रमाणे जमिनीखाली शेंगा तयार होतात. वेल मुळासकट पाहिल्याशिवाय हे कोणाला कळले नसते.

या वेली दाट जंगलात नव्हे, तर उजेड असलेल्या कडांवर वाढतात: पायवाटेच्या बाजूला, कुरणाच्या टोकाला, घाटरस्त्याच्या उतरणीवर. नेमक्या याच जागा रुंदीकरणात जातात, आणि रस्त्याकडेचे गवत अनेकदा शेंगा पिकण्याआधीच कापले जाते. एकवर्षायू वेलीला बी पडण्याआधी कापले तर त्या जागी पुढच्या पावसात उगवायला उरते ते फक्त मातीत आधीपासून पडून असलेले गणंग बी. कापणी कार्तिकापर्यंत लांबवली, तर शेंगा तडकून बी मातीत पडलेले असते.